दोघांचं मिळून एक तिकीट

आम्ही दोघं एकाच माइकसमोर बसलोय. रेकॉर्डिंग करणाऱ्या ताईंनी बजावलंय, एक बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात जे जमलं नाही ते वीस मिनिटांत कसं जमणार, बघू.

आमची ओळख बऱ्याच जणींना आहे. माण तालुक्यातल्या पाच वाड्यांवर टपाल वाटणारे ते पोस्टाचे दादा, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणींना नाक पुसून पाटीवर बसवलं त्या अंगणवाडीच्या बाई. गाव आम्हाला दादा आणि बाई म्हणतं, तर इथंही आम्ही स्वतःला तसंच म्हणू. म्हणजे कोण कोणाविषयी बोलतंय ते तुम्हाला कळेल. बाकी सगळं 'आम्ही'च.

दादा ग्रामीण डाक सेवक म्हणून छत्तीस वर्षं राबले आणि २०२१ साली सुटले. बाई पस्तीस वर्षं अंगणवाडीत होत्या, त्या २०२३ च्या उन्हाळ्यात सुटल्या. दोघांचंही पासष्टाव्या वर्षी. आणि दोघांच्याही नोकरीत पगार नावापुरता, मागे नेहमीची पेन्शन नाही. सुटताना एकरकमी जे मिळालं ते पोस्टातच ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकलं. २०२३ साली ८.२ टक्के व्याज होतं, दर तीन महिन्यांनी. ३ लाखांवर तिमाहीला ६,१५० रुपये येतात. त्यात मीठमिरची, औषधपाणी भागतं. त्या रकमेला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पोराला पुण्यातल्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी त्यातले काही हवे होते, तेही दिले नाहीत. हे इथं सांगताना आजही जड जातंय, पण पोरगं तरणं आहे, कमावतं आहे.

मग फिरायला पैसे कुठले? तर बाईंनी २०१८ साली पोस्टात आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, उघडली होती. महिन्याला ५०० रुपये, पाच वर्षं. कधी शेळीचं बोकड विकून, कधी शिलाईचे. ३०,००० भरले आणि २०२३ साली छत्तीस हजारांच्या जवळपास हातात आले. दादांना याची गंधवार्ता नव्हती असं नाही. पासबुक भरून आणायचे तेच. पण कशासाठी साठवतेस असं त्यांनी पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारलं नाही ते बरं केलं, असं बाईंचं म्हणणं. विचारायला हवं होतं, असं आता दादांचं म्हणणं.

कशासाठी होते ते पैसे? जायला. कुठं जायचं ते पक्कं नव्हतं. दादांनी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली. आपल्या भागातली माणसं पोटासाठी कुठं कुठं गेलेली असतात ते तुम्हाला सांगायला नको. गलाईवाले तर हिंदुस्थानभर. पाकिटावरचा शिक्का बघायचा: कोइम्बतूर, मदुराई, कानपूर, जालंधर. पिनकोड तोंडपाठ. पण दादांनी स्वतः पंढरपूरच्या पलीकडचं गाव पाहिलेलं नव्हतं. आणि बाईंनी अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून पस्तीस वर्षं 'ज जहाजाचा' म्हणून घेतलं. जहाज सोडाच, समुद्र पाहिलेला नव्हता.

आता तुमच्या मनात जे आलंय ते आम्हाला ठाऊक आहे. जायचं ठीक, पण जित्राबांचं काय? आमच्या सहा शेळ्या होत्या. शेजारच्या वस्तीवरच्या सुनेला अर्धलीनं दिल्या. होणाऱ्या पिलांत निम्मी तिची, निम्मी आमची. कोंबड्या विकल्या. दोन एकर कोरडवाहू होतं, ते भावकीत वाट्यानं लावलं. हे लिहायला दोन ओळी लागतात, ठरवायला आम्हाला दोन महिने लागले. शेळ्या नेताना बाई घरात जाऊन बसल्या होत्या, बाहेर आल्या नाहीत.

लोक बोलले. बोलणारच. "म्हातारपणी हिमालयात चाललेत का?" असं पारावर झालं. बायका म्हणाल्या, घरात एवढं पडलंय आणि बाईंना पाय फुटले. आम्ही काय उत्तर देणार? एसटीत बसलो.

एसटीचं एक सांगतो, कारण त्यावाचून हे वर्ष झालंच नसतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या माणसांना आधीपासून अर्धं आहे. म्हणजे आमच्या दोघांचं मिळून एक तिकीट. पहिल्याच दिवशी कंडक्टरनं दोन अर्धी दिली, तर दादा म्हणाले, चला, बेचाळीस वर्षांनी हिशेब बरोबर आला. रेल्वेचं मात्र उलटं. ज्येष्ठांची सवलत कोरोनाच्या वेळी, मार्च २०२० मध्ये बंद झाली ती आम्ही प्रवास केला तोवर काही परत आली नव्हती. त्यामुळं जिथं एसटी जाते तिथं एसटीच.

सुरुवात वारीनं केली. त्या वर्षी आषाढी २९ जूनला होती. शिखर शिंगणापूर ओलांडलं की खाली नातेपुते, तिथं माउलींची पालखी मुक्कामाला असते. तिथल्या बायका दिंडीला भाकरी पुरवतात, त्यात बाई बसल्या. दादांनी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायचं काम घेतलं. जन्मभर चाललेल्या माणसाला पायाचं दुखणं कळतं. चार दिवस झाले आणि आम्ही परत आलो. पंढरपूरला गेलोच नाही. गर्दीत दर्शन होणार नव्हतं आणि आमचं जे व्हायचं ते नातेपुत्यातच झालं होतं.

ऑगस्टात समुद्र. तुम्हाला आठवत असेल, २०२३ चा ऑगस्ट किती कोरडा गेला. शंभराहून जास्त वर्षांत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आपल्याकडे बाजरी माना टाकत होती आणि आम्ही कराडहून कुंभार्ली घाटानं चिपळूण, तिथून गणपतीपुळे. बाई वाळूत उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं असून यातलं एक घागरभर उपयोगाचं नाही." तेवढंच. जहाज काही दिसलं नाही, मासे धरणाऱ्यांच्या होड्या दिसल्या.

मग सप्टेंबर संपता संपता आम्ही पुण्याला पोराकडे गेलो. इथं थोडं थांबून सांगावं लागेल. हे सांगायचं की नाही यावर आमचं दोन दिवस घरात बोलणं झालं. सूनबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, सांगा आई, माझंही सांगा.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला पोराच्या दोन खोल्या आहेत. पोरगा कंपनीत, सूनबाई नोकरीत, सहा वर्षांची नात. सकाळ-संध्याकाळ एक मावशी यायच्या, भांडी आणि चपात्या करून जायच्या. आम्ही गेलो त्याच्या तिसऱ्या दिवसापासून मावशी यायच्या बंद झाल्या. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. बाईंनीच पहिल्या दिवशी पदर खोचला होता. आता घरात दोन बाया असताना तिसरी कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. बाईंनाही वाटलं.

दिवस कसा जायचा ते ऐका. पहाटे पाचला उठून दोघांचे डबे. नातीची वेणी, तिचा डबा, शाळेच्या गाडीपर्यंत पोचवणं. मग भांडी, कपडे, दुपारी नात परत, तिचं जेवण, अभ्यास. संध्याकाळी दोघं दमून आले की चहा. रात्रीचा स्वयंपाक. आणि दादा? सकाळी बागेत जायचे. तिथं साताऱ्याकडची सहा-सात म्हातारी जमायची. दहाला परत यायचे, पेपर वाचायचे, जेवायचे, झोपायचे, पुन्हा बाग. कोणी विचारलं तर सांगायचे, "मस्त चाललंय. रिटायर माणसाला काय काम?"

सहा आठवडे असे गेले. दिवाळी तोंडावर आली. फराळाचं करायला घेतलं त्या रात्री बाई चकल्या तळून गॅलरीत येऊन बसल्या. दादा तिथंच खाटेवर होते. ते म्हणाले, "दिवाळी झाली की आणखी महिनाभर राहू. मजेत आहोत." बाई म्हणाल्या, "अहो, तुमची निवृत्ती झाली. माझी कुठं झाली?"

दादांना वाटलं, थकली असेल, म्हणून बोलली. ते म्हणाले, मग नको करूस, कोण सांगतंय तुला. हे वाक्य, मैत्रिणींनो, घराघरात बोललं जातं. कोण सांगतंय तुला. बाई काही बोलल्या नाहीत. आत जाऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या नाहीत. ताप नव्हता, काही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. घरात साडेसहाला जी धावपळ उडाली तेव्हा दादांना कळलं की रोज पाच ते नऊ या वेळात किती कामं होतात. डब्यासाठी ब्रेड आणायला खाली गेले, तर नातीनं विचारलं, "आजोबा, माझी वेणी?" बेचाळीस वर्षांत दादांनी वेणी घातली नव्हती.

त्या रात्री आम्ही चौघं बसलो. पोराला राग आला. तो म्हणाला, आई, तुला काम जड होतं तर बोलायचं. आम्ही काय मोलकरीण म्हणून बोलावलं का? बाई रडल्या. मग सूनबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "मावशींना मीच बंद केलं. मला वाटलं, आईंना काही करू दिलं नाही तर त्यांना परकं वाटेल. माझी आई भावाकडे गेली होती, तिला वहिनीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, ती रडत परत आली. मी ते बघितलंय." आम्ही दोघं गप्प झालो. इतके दिवस ती बाईंचा मान राखत होती आणि बाई तिचा भार उचलत होत्या, आणि एकीनंही दुसरीला विचारलेलं नव्हतं.

मावशी परत आल्या. दादांनी वेणी शिकायला घेतली. लोकरीच्या तीन दोऱ्यांवर आधी, मग नातीच्या डोक्यावर. फार काही चांगली येत नाही. पोरगं दोन महिने तुटक वागलं, फ्लॅटच्या पैशांचंही त्यात असेल. ते आता निवळलंय, पण पूर्ण निवळलंय असं आम्ही म्हणणार नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून निघालो ते घरी गेलोच नाही, फलटणच्या बाजूला उतरलो. तिकडं कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, आणि कारखाने पेटले की बीड-नगरकडची ऊसतोड मंडळी येतात. बाईंची मावसबहीण तिथं एका वस्तीवर असते. तिच्या बचत गटातल्या बायकांनी आधीच्या हंगामात ऊसतोडवाल्यांची पोरं देवळाच्या सभामंडपात सकाळची बसवायला सुरुवात केली होती. शिकवायला कोणी धड टिकत नव्हतं. बाईंच्या कानावर ते आलं होतं. आम्ही तिच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहिलो, दहा आठवडे. मानधन नाही, काही नाही. तेल-मीठ आमचं, जागा तिची.

तोडणीची माणसं पाचटाच्या कोप्यांत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायची. पहाटे तीन-चारला बाया उठून भाकरी थापतात आणि अंधारातच फडात जातात. मागे पोरं. मोठी पोरगी आठ-नऊ वर्षांची असली की तिच्या काखेत धाकटं. तिला शाळेत बोलवायला गेलं की ती म्हणते, याला कोण बघणार? बाईंनी सांगितलं, त्यालाही घेऊन ये. अंगणवाडीत काखेतलंही चालतं. पहिल्या दिवशी १४ पोरं आली, शेवटी २३ होती. कधी कोणाची टोळी दुसऱ्या गावाला हलायची आणि चार पोरं एकदम कमी व्हायची. बाईंना ते फार लागायचं.

दोन गोष्टी त्या आयांना ठाऊक नव्हत्या, इथंही सांगून ठेवतो, कारण आपल्यातल्याही काही जणी कामाला बाहेर जातात. पोराचं नाव गावच्या अंगणवाडीत असलं तरी जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत सेविकेला सांगा, तिथं त्याचा आहार मिळतो. आणि रेशनकार्ड आधारला जोडलेलं असलं तर परगावच्या दुकानातूनही आपलं धान्य उचलता येतं. मागायला लाजू नका, आपलंच आहे.

बाई सातला देवळात जायच्या, बारापर्यंत. मग स्वयंपाक कोण करणार? पुण्यातली ती रात्र ताजी होती. दादांनी पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी झाली ती पोस्टाच्या पाकिटासारखी, लांबट चौकोनी. परातीत थापताना कडा फाटायच्या. मावसबहिणीनं भिंतीआडून सांगितलं, पाणी गरम घ्या, दादा, आणि तळव्यानं रेटा. वस्तीवरची माणसं बघायला यायची. एक जण म्हणाला, बाई आजारी आहेत का? दादा म्हणाले, नाही, कामावर गेल्यात. महिनाभरानं भाकरी गोल झाली, फुगायला आणखी पंधरा दिवस लागले.

दादांनी पोरांना आणखी एक लावलं. पोस्टकार्ड. तेव्हा अजून ५० पैशाला मिळायचं. प्रत्येकानं आपल्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना नाहीतर बाईंना एक कार्ड लिहायचं. जमेल तसं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं चित्र काढायचं. पत्ता आणि पिनकोड दादा सांगायचे. बीड शहराचा ४३११२२ त्यांना पाठच होता, बाकीचे पोस्टात जाऊन विचारून आणले. एक पोरगी लिहिते, "सर माझं नाव काढू नका. मी येणार आहे." तेवढंच कार्ड. सगळी मिळून १९ कार्डं गेली. उत्तर एकाच शाळेतून आलं, आणि ते नेमकं त्या पोरीचं नव्हतं. तिनं त्यानंतर रोज दादांना विचारलं, आलं का? दादांनी उभ्या आयुष्यात हा प्रश्न हजारदा ऐकला असेल. या वेळी सांगताना घशाशी आलं.

फेब्रुवारीत टोळ्या परतायला लागल्या, आम्हीही घरी आलो. शेळ्यांना दोन पिलं झाली होती. हाती तेरा हजार उरले होते, आणि कोइम्बतूर राहिलं होतं.

कोइम्बतूर म्हणजे धाकली. दादांची सगळ्यात धाकटी बहीण. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिची वेणी बाईंनी घातली, तिला शाळेत बाईंनी धाडलं, आणि १९९३ साली गलाईवाल्याशी लग्न होऊन ती गेली तेव्हा गाडीच्या मागे बाईच पळाल्या होत्या. एकतीस वर्षांत ती आठ-नऊ वेळा माहेरी आली असेल. आम्ही तिच्याकडे एकदाही नाही. दर वेळी काहीतरी असायचं. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या त्या दुसऱ्या लाटेत गेली. धाकलीला येता आलं नाही. फोनवर तोंड दाखवलं, तेही नीट दिसलं नाही.

आईच्या लुगड्यांची एक वाकळ बाईंनी शिवून ठेवली होती. ती बरोबर घेतली. पाच किलो ज्वारीचं पीठ घेतलं. कुर्ल्याहून कोइम्बतूरला जाणारी गाडी पुण्याला मध्यरात्रीनंतर येते, तिच्यात बसलो. तो सगळा दिवस गाडीत. सोलापूर गेलं, पुढं माती काळीची लाल झाली, पाट्यांवरची अक्षरं बदलत गेली. दादा प्रत्येक स्टेशनचं नाव मनात पिनकोडाशी जुळवत होते. पुढच्या सकाळी उतरलो.

गलाईचं दुकान म्हणजे काय ते आपल्याकडच्या बायकांना पैशावरून माहीत असतं, बघितलेलं नसतं. एक अरुंद खोली, आत भट्टी. सोनाराकडचं जुनं, मिसळीचं सोनं येतं. त्यात चांदी घालून वितळवायचं, मग तेजाबात टाकायचं. चांदी तेजाबात विरघळते, सोनं तळाला चुऱ्यासारखं राहतं, तो धुऊन पुन्हा आटवला की शुद्ध. सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा विकत घेऊन धुतात, त्यातूनही कण निघतात. तेजाब ओतलं की पिवळा-तांबूस धूर उठतो आणि डोळे चुरचुरतात. आमचे मेहुणे तीस वर्षं त्या धुरात आहेत. त्यांचा खोकला रात्री आम्हाला ऐकू यायचा. गावात त्यांनी बांधलेलं घर आम्ही रोज बघतो, रंगीत, दोन मजली, कुलूप लावलेलं. इथं दुकानाच्या वर दीड खोली.

धाकली दारात उभी होती. पन्नाशी ओलांडली आहे तिनं, कानशिलं पांढरी. शेजारणीशी खडाखडा तमिळमध्ये बोलत होती. आम्हाला बघून बोलायचं थांबली. शेजारणीला काहीतरी सांगितलं. नंतर आम्ही विचारलं, काय सांगत होतीस? तर म्हणाली, "सांगितलं, माझ्या माहेरचं माणूस आलंय. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

त्यावर आम्ही काय बोलणार? ती रागानं बोलली नव्हती, त्यामुळं तर जास्तच. जेवायला वाढताना हळूच म्हणाली, "दादा, सगळ्या गावाची पत्रं घरोघर पोचवलीस. मला वाटायचं, एखादं हातानं घेऊन येशील." दादांनी ताटावरून मान वर केली नाही.

वाकळ त्या दिवशी दिली नाही. तिसऱ्या दिवशी, दुकान बंद होतं तेव्हा काढली. तिनं उलगडली आणि एकेक ठिगळ ओळखायला लागली. हे हिरवं आईनं माझ्या लग्नात नेसलेलं. हे विटकं जात्यावर बसायची तेव्हाचं. एक ठिगळ तिला ओळखता आलं नाही. बाई म्हणाल्या, ते तू गेल्यावर घेतलेलं. ती ते ठिगळ बोटानं चाचपत राहिली. रडली नाही. उन्हाळ्याचे दिवस, कोइम्बतूरला अंगावर चादर नको होते, तरी ती वाकळ घेऊनच झोपली.

रडली ती दुसऱ्या दिवशी. बाई आणि ती ओसरीवजा जागेत बोलत बसल्या होत्या. दादांनी आपलं पीठ काढलं, परात मागितली आणि भाकरी थापायला बसले. धाकली आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा आहे. पहिली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगली. ती तव्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "आईला दाखवायला पाहिजे होतं." मग सगळीच रडलो. मेहुणे खालून धावत आले, काय झालं म्हणून.

तीन आठवडे राहिलो. उपरण्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या रोज खाली दुकानात जायच्या. कामाला असलेली आटपाडी-खानापूरकडची दोन पोरं म्हणायची, मामा, तुम्ही इथंच राहा, पगार देतो. धाकलीला आम्ही स्वयंपाकघरातून तीन आठवडे बाहेर काढलं असं म्हणणार नाही, ती ऐकायची नाही. पण पहाटेचा चहा तिला हातात मिळायचा. निघताना ती म्हणाली, पुढच्या वेळेला थांबू नका एकतीस वर्षं. तिनं मोजलेली होती, आम्ही मोजली नव्हती.

परतलो तेव्हा ३,४०० रुपये उरले होते. त्यातून दादांनी नवी आरडी उघडलीय, ५०० ची, बाईंच्या नावानं. भरायची दादांनी. शेळ्या परत आल्या आहेत, वाट्याच्या पिलासकट.

मागच्या आठवड्यात दारात सायकलची घंटा वाजली. दादांच्या जागी आता एक तरणी मुलगी आहे. पार्सल घेऊन आली होती. दादांनी आधी शिक्का बघितला, सवयच आहे. कोइम्बतूर. आत धाकलीची सहा जुनी पातळं, धुऊन घड्या घातलेली, आणि चिठ्ठी: "वहिनी, यांची एक वाकळ करा. मी दिवाळीला न्यायला येते. घर उघडायचं आहे, तेव्हा तुम्ही दोघं झाडायला या, पण जेवायचं मी करणार." पातळांची ठिगळं कापून झालीत. दोघांनाही आता सुईचं नाक दिसत नाही, म्हणून शेजारची पोरगी शाळेतून आली की दहा-बारा सुया ओवून देते, आणि संध्याकाळी भाकरी झाल्या की आम्ही दोन बाजूंनी टाके घालायला बसतो.